पाच पेट्या

शिरोलीच्या फाउंड्रीत मी चौतीस वर्षं वाळू ठासली.
खालची पेटी, वरची पेटी, मधे साचा,
रॅमरचे ठोके मोजून,
सळईनं वाफेला भोकं,
मग क्रेनला लोंबकळत उकळतं लोखंड यायचं
आणि आम्ही सगळे एक पाऊल मागं.

आता गच्चीवर माती.
चिखलीच्या गाळाची, दोन पोती, रिक्षातनं आणलेली.
दस्तगीरनं भंगारातनं पाच क्रेट दिले,
दूध संघाचे, निळे, कडेला उडालेले.
"पैसे नकोत. बटाटे दे."
चार क्रेटचे तळ करवतीनं कापले,
पाचवा तसाच ठेवला.
कुठंतरी तळ पाहिजे.

बियाणं कपिलतीर्थातनं, सव्वा किलो.
भाजीवालीनं विचारलं, भाजीला?
म्हटलं, लावायला.
तिनं माझ्याकडं असं बघितलं
की मी उगाच कोथिंबीरही घेतली.

डोळे राखून फोडी केल्या, राख फासली.
डोळा वर, हे हौसानं सांगितलं.
तिचं माहेर आजऱ्याकडचं,
तिला विचारल्याशिवाय आमच्यात काही उगवत नाही.
पण हात मात्र माझेच.
माती पडली की ठासायला लागले.
"अवो, जीव हाय त्यात," ती जिन्यातनं ओरडली,
"लोखंड न्हाई."
मूठ सैल सोडायला मला तीन दिवस लागले.
भोकं तरीही पाडली, सळईनं. कुणी बघत नव्हतं.

वीतभर पाला आला की वर एक क्रेट, नवी भर,
शेंडा तेवढा उघडा.
त्यानं मान काढायची, मी परत पुरायचं.
मार्गशीर्ष गेला, पौष निम्मा सरला.
पाचवा चढवला तेव्हा
झारीनं पाणी घालायला स्टूल लागलं.
समोरच्या गच्चीवरनं चौगुले मास्तर रोज:
"काय, कुठवर आलं काम?"
"दहा-बारा किलोला मरण नाही," मी म्हणायचो.
फाउंड्रीत असा आकडा
ओतण्याआधी कुणी बोलत नसे.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात पाला पिवळा पडून लवंडला.
साचा फोडायची वेळ मला कळते.
वरनं सुरू केलं.
पाचवा क्रेट: माती.
चौथा: माती, एक गांडूळ.
तिसरा: पांढरी मुळं, दोऱ्यासारखी,
कुठंच न पोचलेली.
दस्तगीर पिशवी घेऊन आला होता. मोठी पिशवी.
त्यानं ती हळूच घडी घालून खिशात सरकवली.

दुसऱ्यात चार, सुपारीएवढे.
बाकीचे सगळे तळात.
मिळून दीड किलो. कोथिंबीर धरली नाही.

"रिजेक्शन लई आलं," मी म्हटलं.
"झाड काय तुमचे क्रेट मोजतंय व्हय?" हौसा म्हणाली,
"जिथं बूड, तिथं बटाटा. मला ठावं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
ती माती पाखडत राहिली.
"रोज गच्चीवर जात हुता की," म्हणाली,
"शिट्टी वाजवत."

धुताना एक बटाटा हातात थांबला.
क्रेटच्या आतल्या भिंतीला रेलून वाढलेला,
संघाच्या नावातला 'दू' त्याच्या गालावर
उलटा, खोल.
अक्षर साच्यात उलटं का लागतं
हे मी किती पोरांना शिकवलं असेल.
इथं कुणी ठासलं नव्हतं.
रात्रीत, हळूहळू, अंधारात
त्यानं आपणच अंग टेकलं होतं.

दस्तगीरला पाच दिले.
मास्तरांना म्हटलं, "झाले की," आणि खाली आलो.
'दू'वाला मी खिडकीत वेगळा ठेवला होता.
हौसानं तो सगळ्यांबरोबर उकडला,
चटके सोसत साल काढली,
चिरला, कांदा-लसूण चटणीत परतला,
आणि ताटातली कुठली फोड त्याची
ते मला शेवटच्या घासापर्यंत
ओळखता आलं नाही.